बुचड्याची टोपी

आणे पठारावरच्या त्या घरात बयाबाईच्या क्रोशाच्या सुईतून सुटलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे चूल. टीव्हीला झालर होती, मिक्सरला झाकण होतं, पाण्याच्या माठाला कुंची होती, आणि गोरखच्या मोटरसायकलच्या दोन्ही आरशांना जांभळ्या लोकरीच्या पिशव्या होत्या. आरशात काही दिसत नाही म्हणून गोरख रस्त्याला लागला की त्या काढून खिशात घालायचा, आणि परत येताना वेशीपाशी थांबून पुन्हा चढवायचा. सातव्या वर्षी आई-बाप गेल्यावर तो ह्या चुलता-चुलतीच्या घरात आला होता. काकीचं, म्हणजे बयाबाईचं, मन कशानं मोडतं हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

बयाबाईचे दोन नियम होते. पहिला असा, की डोक्याचं माप डोक्यावर घ्यायचं नाही. "माणूस हालतं, भांडं हालत न्हाई," असं तिचं म्हणणं. ती माणसाकडे एकदा नीट बघायची, फडताळातून एक तांब्या किंवा पातेलं काढायची, पालथं घालायची आणि त्याच्यावर टोपी विणत बसायची. अंगणवाडीच्या ज्योत्स्नाताईचं डोकं म्हणजे पितळी तांब्या, सरपंचाचं म्हणजे भाताचं पातेलं. माप सहसा चुकत नसे. पातेल्याची गोष्ट सरपंचाच्या कानावर गेली तेव्हा तो चार दिवस रुसला होता, पण थंडी पडल्यावर त्यानं टोपी मुकाट घातली.

दुसरा नियम मात्र तिनं ठेच लागल्यावर केला होता. नवी नवरी असताना तिनं नवऱ्यासाठी, म्हणजे गेणभाऊसाठी, बिनबाह्यांचा स्वेटर विणला आणि मोठ्या हौसेनं शेवटची गाठ मारून दोरा कापून टाकला. स्वेटर गेणभाऊच्या कानापर्यंत आला आणि तिथंच अडकला. वर जाईना, खाली येईना. आत गेणभाऊ ओरडतोय, बाहेर सासू ओरडतेय, शेवटी कात्रीनं कापून माणूस बाहेर काढावा लागला. तेव्हापासून ज्याची वस्तू त्यानं अंगावर घालून "बसली" असं म्हटल्याशिवाय बयाबाई शेवटचा टाका बंद करत नसे. टाका उघडाच, दोऱ्याचं टोक लोंबतं, म्हणजे नाही बसली तर ओढून उसवता येते.

ह्या घरात सगळ्यांना एकच घोर होता, गोरखच्या लग्नाचा. गोरख चौतिशीला आला होता. पोरगा निर्व्यसनी, कांदा पिकवणारा, तीन गाई सांभाळणारा, आसपासच्या सगळ्या मोटारी दुरुस्त करणारा. पण बोलणं म्हणजे "हं" आणि "बरं." त्यात नोकरी नाही आणि गाव पठारावर, म्हटल्यावर मुलीकडची मंडळी घाटाखालच्या आळेफाट्यावरूनच फोन करून "पुन्हा कधी तरी येतो" म्हणायची.

सहा वर्षांपूर्वी गेणभाऊनं ह्याच्यावर उपाय केला. खंडोबापुढं उभा राहून तो बोलून बसला, "गोरखचं लगीन व्हईस्तवर डोक्याला कात्री लावणार न्हाई." त्याचा हिशेब दोन-तीन महिन्यांचा होता. नवस बोलणारा माणूस घाईत असतो, देवाला तशी काही घाई नसते. केस मानेवर आले, खांद्यावर आले, पाठीवर आले आणि सहाव्या वर्षी कमरेला टेकले. तेही काळेभोर आणि घनदाट. बासष्टीच्या माणसाचे असले केस बघून बयाबाईचा जीव जळायचा, कारण तिच्या स्वतःच्या वेणीचं केव्हाच शेपूट झालं होतं.

गेणभाऊ ते केस टाळूवर गोळा करून बुचडा बांधायचा. मागं बांधायला त्याची साफ ना होती. त्याचं कारण एस.टी. मध्ये घडलेलं. एकदा त्यानं मागं अंबाडा घातला होता आणि कंडक्टरनं पाठीमागून हाक मारली होती, "मावशी, जरा पुढं सरका." गेणभाऊ वळला तेव्हा त्याच्या मिशा बघून कंडक्टरनं तिकिटाचं मशीनच खाली टाकलं. त्या दिवसापासून बुचडा वरच.

आता नवस केला गोरखच्या लग्नासाठी, आणि लग्नाच्या आडवा आला तो बुचडाच. ते असं झालं.

आपल्याकडे मुलीकडची मंडळी घर बघायला आली आणि बोलणी पुढं सरकण्याजोगी वाटली, की घरच्या वडीलधाऱ्याला मान देतात. टॉवेल, नारळ आणि पांढरी टोपी. टोपी हातात द्यायची नसते, आपल्या हातानं डोक्यावर घालायची असते. पहिलं स्थळ येडगावचं आलं. मुलीच्या चुलत्यानं गेणभाऊच्या डोक्यावर टोपी घातली. ती बुचड्यावर टेकली, डावीकडं कलली आणि तेल लावलेल्या केसांवरून घसरत थेट पोह्यांच्या बशीत जाऊन पडली. मुलीची आत्या पोहे चावायची थांबली. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

दुसऱ्या वेळी गेणभाऊ सावध होता. टोपी घातल्या घातल्या त्यानं ती एका हातानं दाबून धरली. चहा डाव्या हातानं प्याला, सुपारी डाव्या हातानं घेतली. पण निघताना पाहुण्यांनी नमस्कार केला, आणि नमस्काराला दोन्ही हात लागतात. टोपी सुटली ती नेमकी पाहुण्यांच्या पायावर पडली. पाहुणे दचकून दोन पावलं मागं सरले. पायावर टोपी ठेवून गयावया करतायत, म्हणजे पोरात काही तरी मोठी खोट असणार, असं त्यांनी गाडीत बसल्याबसल्या ठरवून टाकलं.

"अवं, कापा ते केस एकदाचे," बयाबाई म्हणाली.

"देवाला शबूद दिलाय."

"केस वाढवायचा शबूद दिला. बुचडा टकुऱ्यावर बांधा म्हणून देवानं सांगितलं व्हतं का?"

ह्यावर गेणभाऊ गाईंकडं निघून जायचा. उत्तर नसलं की त्याला गाई आठवायच्या.

मग जानेवारीत तिसरं स्थळ आलं, महाळुंगे पडवळचं. मुलगी आरती, एकोणतीस वर्षांची, कांदा-टोमॅटोच्या रोपवाटिकेत सुपरवायझर. आतापर्यंत तीन नोकरदार मुलांना तिनं नकार दिला होता, कारण तिला फ्लॅटमध्ये राहायचं नव्हतं. "मी सोता येऊन घर बघनार, मगच काय ते सांगनार," असा तिचा निरोप होता. येणार होते पुढच्या रविवारी. मधे आठ दिवस.

त्या आठवड्यात पठारावर असा वारा सुटला होता की उन्हातही दात वाजत होते. गेणभाऊचे कान पार बधिर झाले होते. माकडटोपी बुचड्यावर अडकून बसायची आणि कान उघडेच राहायचे. तो हनुवटीखालून मफलर बांधून हिंडायचा, आणि रस्त्यात भेटेल तो "दाढ दुखती का काय?" म्हणून विचारायचा. बयाबाईनं ठरवलं की आता टोपीच विणायची. कान झाकणारी, बुचड्याला जागा ठेवणारी, आणि मुख्य म्हणजे जिच्यावर मानाची टोपी टिकेल अशी.

ज्योत्स्नाताईनं तिला मोबाइलवर एक व्हिडिओ काढून दिला. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातली बाई टोपी विणत होती आणि टोपीला वरून सरळ भोक ठेवत होती. भोकातून तिचे केस कारंज्यासारखे बाहेर आले होते.

"आगं ज्योत्स्ना, मग भोकातनं थंडी आत न्हाई का जायची?" बयाबाई म्हणाली. "हिला कुनी शिकीवलं न्हाई वाटतं."

भोक नको, बुचड्याला खोळच करायची, असं तिनं ठरवलं. लोकर घरातच होती. ट्रंकेच्या तळाशी एक चॉकलेटी स्वेटर होता. गोरख ह्या घरात आला त्या थंडीत तिनं तो विणला होता, आणि पोरगं दिवसभर त्याची कॉलर तोंडावर ओढून बसायचं, म्हणजे रडतंय ते कुणाला दिसू नये. सत्तावीस वर्षं तो स्वेटर तिनं कुणाला दिला नव्हता. आता तिनं तो मांडीवर घेतला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग टोक शोधून ओढायला सुरुवात केली.

गेणभाऊचं डोकं म्हणजे मोठा तांब्या. तो पालथा घातला. बुचड्यासाठी तिनं कांद्याच्या वखारीत जाऊन अर्धा तास कांदे निवडले. एक हातात घ्यायची, लांबून गेणभाऊच्या टाळूकडं बघायची, मान हलवायची, ठेवून द्यायची. शेवटी एक मनासारखा मिळाला. तांब्याच्या बुडावर तो कांदा बसवून तिनं साखळी घातली, खांब घातले आणि एकेक फेर खाली येत तीन दिवसांत टोपी उभी केली.

ती घालून गेणभाऊ गोठ्यात गेला. लांबून तो उभ्या दुधी भोपळ्यासारखा दिसत होता. जी गाय त्याच्याच हातानं धार देत होती तिनं एकवार बघितलं आणि बादलीला लाथ घातली. इकडे बयाबाईनं त्या खोळीवर पांढरी टोपी ठेवून बघितली तर ती क्षणभरही टिकेना. तिनं सगळं उसवलं.

मग तिला सुचलं. तिनं कांदा तांब्याच्या मागच्या अंगाला सुतळीनं बांधला. वरचा भाग सपाट, कान झाकलेले, आणि मागं मानेवर बुचडा झाकणारी खोळ. ती खोळ तिनं सगळ्यात शेवटी विणली. वर पांढरी टोपी ठेवली. तांब्या डावीकडं कलवला, उजवीकडं कलवला, पार हलवून बघितला. तेलकट केसांवर घसरणारी टोपी लोकरीला धरून राहिली. बयाबाईला एवढा आनंद झाला की तिनं तांब्यालाच नमस्कार करायला लावला, आणि तरीही टोपी पडली नाही.

पण तांब्याला मान्य होतं ते गेणभाऊला नव्हतं.

"मी मागं बांधणार न्हाई. बाई दिसतो मी."

"आवं, झाकल्यालं ऱ्हातंय की समदं! कुनाला दिसतंय?"

"मला म्हाईत असतंय ना."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. बयाबाई टोपी घेऊन मागं, गेणभाऊ पुढं. कांद्याच्या वाफ्यातून दोघांची अशी वरात दोनदा फिरली, आणि लागणीच्या बाया हसून वाकड्या झाल्या. शेवटी बयाबाई बांधावर उभी राहिली आणि तिचा आवाज फुटला.

"तुमाला गोरखचं लगीन पायजे का बुचडा पायजे, ते एकदा सांगा. पोरगं माजं एकटं राहील आपल्या माघारी. त्याला 'जेवलास का' म्हणून इचारायला कुनी नसंल. तवा त्यो तुमचा बुचडा इचारनार हाय का?"

गेणभाऊ ह्या वेळी गाईंकडं गेला नाही. तिथंच खाली बसून ढेकळं फोडत राहिला.

रविवारी सकाळी त्यानं गोरखला बघितलं. गोरखनं शर्टाला इस्त्री केली, अंगात घातला, काढला आणि पुन्हा इस्त्री करायला घेतला. तिसऱ्यांदा. गेणभाऊ दारातून हे बघत उभा होता. तेवढ्यात वळणावर जीपचा हॉर्न वाजला. गेणभाऊ आत आला, बयाबाईपुढं पाठ करून बसला आणि म्हणाला, "बांध मागं. चटशिरी."

बयाबाईनं तीन हिसक्यांत बुचडा सोडला, मानेवर अंबाडा घातला, वरून टोपी चढवली. "बसली का?" तिनं विचारलं. पण "बसली" म्हणायला गेणभाऊ जागेवर होता कुठं? तो "यावा पावणं, यावा!" म्हणत ओसरीवर पोचलाही होता. बयाबाईच्या हातात सुई राहिली आणि चॉकलेटी लोकरीचं वीतभर टोक गेणभाऊच्या पाठीवर लोंबत गेलं.

आरती आणि तिचे वडील संपतराव, दोघंच आले होते. आरतीनं चहाच्या आधी विहीर बघितली, गोठा बघितला, उन्हाळ्यात टँकर किती दिवस येतो ते विचारलं. गोरखला तिनं चार प्रश्न विचारले आणि त्याची उत्तरं "हं", "बरं", "हं" आणि "व्हय" अशी आली. व्हय म्हणजे गोरखच्या मानानं भाषणच. मग सगळे ओसरीवर बसले. पोह्यांच्या बश्या आल्या. बयाबाईनं गेणभाऊची बशी मुद्दाम लांब ठेवली.

संपतरावांनी पिशवीतून नारळ काढला, टॉवेल काढला, टोपी काढली. गेणभाऊनं डोळे मिटले. गोरखनं मान खाली घातली. बयाबाईनं पदराचं टोक दातात धरलं. संपतरावांनी टोपी डोक्यावर ठेवली, आणि ती राहिली. गेणभाऊनं एक डोळा उघडला, मग दुसरा. हळूच दोन्ही हात जोडले. राहिली. मग वाऱ्यानं नाक हुळहुळलं आणि त्याला दणदणीत शिंक आली. तरी राहिली. गेणभाऊला एवढा धीर आला की तो खाटेवर ऐसपैस बसला आणि कांद्याच्या भावावर बोलायला लागला.

खाटेच्या मागं शेळीचं करडू बांधलेलं होतं. त्याला ते वीतभर टोक दिसलं.

करडानं टोक तोंडात धरून चघळलं, आवडलं म्हणून ओढलं, आणि उघडा टाका सुटला. मग फेरामागून फेर सुटायला लागला. बयाबाईला ते बाजूनं दिसत होतं, पण पाहुण्यांसमोर ओरडता येईना. तिनं डोळ्यांनी खुणावलं, तर गेणभाऊला वाटलं की चहा विचार म्हणतेय. "घ्या की आनखी चहा," तो संपतरावांना म्हणाला. मानेला गार वारा लागत होता, पण पठारावर वारा काय नवा नव्हता. खोळ अर्धी झाली, पाव झाली, संपली. अंबाडा घाईत बांधलेला, तो एकदम सुटला. कमरेएवढे काळेभोर केस गेणभाऊच्या पाठीवर, खांद्यावर आणि एका बाजूनं मिशांवर येऊन पसरले.

संपतरावांचा कप तोंडाशी तसाच थांबला. आरतीनं बघितलं, ओठ दाबून धरले, आणि मग तिला आवरलंच नाही. ती खळखळून हसली. गेणभाऊ केसांच्या पडद्याआडून बघत राहिला. त्याचा चेहरा असा पडला होता की बयाबाईला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सहा वर्षांत तिला त्या केसांची कीव आली नव्हती, ती आत्ता आली.

आणि तेव्हा गोरख बोलला.

"माज्यापायी वाढवल्यात," तो म्हणाला. "माजं लगीन व्हईस्तवर कापनार न्हाई म्हून तात्या देवाला बोलल्यात. सा वर्सं झाली. समदं गाव हसतंय, यष्टीत लोक हसत्यात, पर त्यांनी कापलं न्हाईत. तुमी मला नगं म्हना, चालंल. पर त्यांना हसू नका."

एवढं लांब बोलणं त्या घरात कुणी त्याच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. बयाबाईच्या दातातला पदर सुटला. आरतीचं हसू थांबलं. ती उठली, खाटेमागं गेली, करडाच्या तोंडातून लोकर सोडवली आणि उभ्या उभ्या बोटांवर गुंडाळायला लागली. गुंडी पुरी करून तिनं ती बयाबाईच्या हातात दिली.

"दादा," ती वडिलांना म्हणाली, "तारीख उन्हाळ्याच्या आतली धरा. एवढं केस घिऊन ह्या बाबांनी आनखी एक उन्हाळा काढायचा न्हाई."

संपतरावांनी आधी लेकीकडं बघितलं, मग गोरखकडं, मग गेणभाऊच्या डोक्याकडं. तिथं पांढरी टोपी जशीच्या तशी होती.

"समदं उसवलं राव," ते म्हणाले, "पर मानाची टोपी काय हालली न्हाई."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लग्न झालं. तिसऱ्या दिवशी खंडोबाच्या पायरीवर न्हावी बसला आणि गेणभाऊचं डोकं चकचकीत झालं. घरी येताना तो दर दहा पावलांवर मागं हात नेऊन चाचपत होता. त्याला ती रिकामी पाठ महिनाभर पटली नाही. बयाबाईनं त्याचं नवं माप काढलं तर मोठ्या तांब्यावरून तो लहान तांब्यावर आला होता.

पुढच्या थंडीत आरती रोज सकाळी स्कूटी घेऊन आळेफाट्याजवळच्या रोपवाटिकेत जायला लागली. घाट उतरताना वारा अंगावर यायचा. तिचे केस लांब, कामात मधे येऊ नयेत म्हणून ती मानेवर अंबाडा बांधायची. बयाबाईनं ट्रंकेतून चॉकलेटी गुंडी काढली आणि गेणभाऊची उरलेली टोपी उसवून तिच्यावर गुंडाळली. करडानं खाल्लेली हातभर लोकर कमी होती, ती तिनं जांभळीनं भरून काढली. तांब्याला मागं कांदा बांधला, ह्या वेळी जरा लहान. गेणभाऊ गुळगुळीत डोक्यानं शेजारी बसून सल्ला देत होता, "मागं जागा ऐसपैस ठेव. आवळलं की मान धरती. मला इचार."

टोपी झाली. बयाबाई सुई हातात धरून, टाका उघडा ठेवून दारात उभी राहिली. आरती निघायच्या घाईत होती. ती सून म्हणून आल्यापासून बयाबाईनं तिला कधी कशाची बळजबरी केली नव्हती, आताही नुसती उभीच राहिली.

आरतीनं डबा स्कूटीला अडकवला, वळली आणि काही न विचारता बयाबाईपुढं पाठ करून पायरीवर बसली. बयाबाईनं टोपी चढवली. आरतीनं गोरखच्या मोटरसायकलच्या आरशावरची पिशवी काढली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि पिशवी पुन्हा नीट चढवून ठेवली.

"बसली, आत्या," ती म्हणाली. "आता मारा गाठ."

बयाबाईनं दोन मारल्या.